सुट्टीत पुढचं पुस्तक, की मागची उधारी?

बाई, नमस्कार.

आम्ही कराडला असतो. मोठा मुलगा नववीतून दहावीत जाईल, धाकटी सातवीतून आठवीत. मोठा सेमीला आहे (गणित-विज्ञान इंग्रजीतून), धाकटी आठवीपासून सेमी घेणार. आमच्या भागातल्या एका क्लासने दहावीची व्हेकेशन बॅच जाहीर केली आहे. २८ एप्रिल ते १० जून, रोज सकाळी साडेसात ते साडेबारा, गणित-विज्ञानाचा निम्मा पोर्शन सुट्टीतच संपवणार. धाकटीसाठी तिथेच सहा आठवड्यांचा ‘फाउंडेशन’ कोर्स आहे, म्हणजे आठवीपासूनच जेईई-नीटची तयारी. दोघांचे मिळून २१,००० रुपये. पाचशे भरून जागा धरून ठेवली आहे. मोठ्याला नववीत गणितात शंभरपैकी ५४ आहेत, बाकीचे विषय बरे आहेत. क्लासच्या पत्रकात लिहिलंय की सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात आणि मग वर्षभर मागे राहतात. मिस्टर म्हणतात, सगळे घालतात, आपणच का नाही? दर मे महिन्यात मुलं माझ्या माहेरी जातात, चिपळूणजवळ. यंदा जायचं नाही म्हटल्यावर धाकटी रात्री जेवलीच नाही. आई फोनवर काही बोलत नाही, फक्त ‘फणस उतरवायचे आहेत’ एवढं दोनदा म्हणाली. काय करू?

— दोन मुलांची आई, कराड

ताई,

तुमच्या पत्रात दोन आकडे आहेत. तुम्ही एकवीस हजारांबद्दल विचारलंय. मला चोपन्नाबद्दल बोलायचंय.

आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. मोठ्याला या बॅचला घालू नका. त्याला तीन आठवडे कराडला ठेवा, रोज दीड-दोन तास, तेही दहावीच्या पुस्तकाला हात न लावता. मग दोघांना चिपळूणला पाठवा. धाकटीला फाउंडेशन नको. आत्ता नको आणि पुढच्या वर्षीही नको.

हे मी क्लासवाल्यांना शिव्या घालायच्या म्हणून लिहीत नाही. सत्तावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यातले सहा उन्हाळे मी स्वतः दहावीची व्हेकेशन बॅच घेतली. घराचे हप्ते चालू होते, आणि उन्हाळ्यात मिळणारे पैसे बरे होते, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. सहा आठवड्यांत समरूपता, पायथागोरस, दोन चलांतील रेषीय समीकरणं आणि वर्गसमीकरणं अर्धी, एवढं मी ‘संपवत’ असे. पालक खूश, मुलंही खूश. वहीची पानं भरलेली दिसायची.

जूनमध्ये शाळा उघडली की तीच मुलं वर्गात मागच्या बाकावर बसून एकच वाक्य म्हणायची, ‘बाई, हे झालंय.’ मी फळ्यावर समरूपतेची कसोटी लिहायला घेतली की खिडकीबाहेर बघायची. ‘झालंय’ म्हणजे कानावरून गेलंय. पहिल्या घटक चाचणीत त्यांच्यापैकी निम्म्यांना बॅच न केलेल्या मुलांपेक्षा कमी मार्क पडायचे, कारण त्या दुसऱ्या मुलांनी निदान वर्गात लक्ष दिलं होतं. हे माझ्या वर्गापुरतं सांगते आहे, याची आकडेवारी कुठे छापलेली नाही. पण मला पुरेसं होतं. सातव्या उन्हाळ्यात मी बॅच घेतली नाही.

त्या बॅचमधला एक मुलगा मला अजून आठवतो. वर्गसमीकरणाचं सूत्र त्याला झोपेतून उठवलं तरी म्हणता यायचं. मी फळ्यावर दिलं, क्ष वर्ग वजा पाच क्ष अधिक सहा बरोबर शून्य. त्याने सूत्र व्यवस्थित मांडलं, ‘वजा ब’ असं लिहिलं, आणि ब ची किंमत वजा पाच असताना ‘वजा ब’च्या जागी पुन्हा वजा पाचच लिहिलं. वर्गमुळाखाली पंचवीस वजा चोवीस, एक, बरोबर. शेवटी उत्तर आलं वजा दोन आणि वजा तीन. खरं उत्तर दोन आणि तीन. त्याला म्हटलं, वजा दोन समीकरणात घालून बघ. त्याने घातलं. चार अधिक दहा अधिक सहा, वीस आले. शून्य यायला हवं होतं. तो फळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘सूत्र तर बरोबर आहे ना, बाई?’

सूत्र बरोबरच होतं. त्याला अडत होतं ते ‘वजाचा वजा’ म्हणजे काय ते. हा धडा सहावी-सातवीतला, पूर्णांक संख्यांचा. म्हणजे दहावीच्या बॅचमध्ये तो पैसे भरून जे शिकत होता, ते सातवीतल्या भोकावर पसरलेलं होतं. आणि ते भोक बुजवायला माझ्याकडे वेळ नव्हता, कारण मला १० जूनच्या आत पोर्शन संपवायचा होता. बॅचमध्ये चाळीस मुलं होती. चाळीस जणांची चाळीस वेगळी भोकं.

तुमच्या मुलाचे ५४ हे असेच कुठेतरी मागे सांडलेले आहेत, असा माझा अंदाज आहे. बाकी विषय बरे आहेत म्हणताय, म्हणजे मुलगा आळशी नाही आणि वाचून समजतंही त्याला. गणित हा विषय उधारी विसरत नाही. इतिहासात सातवीतलं शिवकाळाचं प्रकरण कच्चं राहिलं तरी नववीचा पेपर लिहिता येतो. गणितात नाही. दहावीतली वर्गसमीकरणं आठवीतल्या अवयवांवर उभी, समरूपता नववीतल्या गुणोत्तर-प्रमाणावर उभी, आणि त्रिकोणमिती पायथागोरसवर.

आता त्या पत्रकातल्या वाक्याबद्दल. सुट्टीत मुलं विसरतात, हे खोटं नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तोवरचे ३९ अभ्यास तपासून लिहिलं की लांब सुट्टीत मुलं सरासरी महिनाभराच्या शिक्षणाइतकं मागे जातात, आणि वाचनापेक्षा गणितात जास्त. नंतरच्या काही संशोधकांनी या निष्कर्षावर शंकाही घेतल्या आहेत. शिवाय तिथली सुट्टी अडीच महिन्यांची. पण घटकाभर मानून चालू की मुलं विसरतात. काय विसरतात? गेल्या वर्षी शिकलेलं. मग त्यावर औषध काय, गेल्या वर्षीचं पुन्हा बघणं, की पुढच्या वर्षीचं निम्मं पुस्तक उरकणं? पत्रकात रोग एक लिहिलाय आणि गोळी दुसऱ्याच रोगाची दिलीय.

दुसरं, दिवस मोजा. एप्रिल-मेमध्ये उरकलेली समरूपता बोर्डाच्या पेपरात येणार पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मध्ये नऊ-दहा महिने. शाळा तोच धडा जूनपासून शिकवणारच आहे, जानेवारीत पूर्वपरीक्षा होणारच आहे. मुलाला पहिल्यांदा समजायची जी वेळ असते ना, ती एकदाच येते. ती भर उन्हात, चाळिसेक मुलांच्या गर्दीत, घाईघाईत खर्च करून टाकू नये असं मला वाटतं.

तर तीन आठवडे काय करायचं?

निकाल लागला की शाळेत जा आणि मोठ्याची गणिताची उत्तरपत्रिका बघायला मागा. गुणपत्रिका नाही, उत्तरपत्रिका. शाळा हातात देत नसेल तर तिथे बसून बघू द्या म्हणा, आणि मुलाला बरोबर न्या. प्रत्येक चुकलेल्या ठिकाणी त्यालाच विचारा, इथे काय झालं? उत्तरं तीनच प्रकारची येतात. हे मला कळलंच नव्हतं. हे कळलं होतं, पण मधली एक पायरी मागची होती ती आली नाही. किंवा, घाई झाली. पहिल्या प्रकाराला नववीचं पुस्तक लागेल, दुसऱ्याला सातवी-आठवीचं. तिसऱ्याला कुठलाही क्लास लागत नाही, त्याला फक्त घड्याळ न लावता गणितं सोडवायची सवय लागते. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात, त्यामुळे रद्दीत गेलेल्या पुस्तकांची काळजी नको.

उत्तरपत्रिका मिळालीच नाही तर घरी चार प्रश्न टाका. हे मी वर्षानुवर्षं जूनच्या पहिल्या आठवड्यात दहावीच्या वर्गाला टाकायचे. वजा तीन वजा कंसात वजा आठ, किती? पाऊण भागिले दोन पंचमांश, किती? क्ष वर्ग अधिक सात क्ष अधिक बारा, याचे अवयव पाड. आणि चौथा माझा लाडका: एका त्रिकोणाच्या दोन बाजू ४ आणि ६. त्याच्याशी समरूप असलेल्या दुसऱ्या त्रिकोणात ४ च्या जागी ६ आहेत, तर ६ च्या जागी किती?

चौथ्याचं उत्तर त्याने ८ दिलं, तर तुम्हाला तुमचे हरवलेले मार्क सापडले. चारचे सहा झाले म्हणजे दोन वाढले, म्हणून सहाचे आठ, असा त्याचा हिशोब. तो बेरीज करतोय, आणि समरूपता गुणाकाराची आहे. चारचे सहा म्हणजे दीडपट, म्हणून सहाचे नऊ. हा एकच गैरसमज घेऊन मुलं समरूपता, त्रिकोणमिती, महत्त्वमापन, अर्थनियोजन असं सगळं वर्ष काढतात आणि प्रत्येक धड्यात वेगवेगळ्या जागी मार्क घालवतात. वरवर बघणाऱ्याला वाटतं, याला सगळंच येत नाही.

तीन आठवडे, रोज सकाळी दीड-दोन तास, रविवार सोडून. सगळे मिळून तीसेक तास होतात. बॅचचे तास मोजले तर दीडशेच्या वर जातात, पण तुमच्या मुलाच्या भोकांसाठी तीस तास पुष्कळ आहेत, कारण ते सगळे त्याच्या एकट्याचे आहेत. कोण घेणार? तुम्ही स्वतः घ्यायचं ठरवलंत तर चालेल, पण दहावीच्या मुलाला आईने गणित शिकवणं म्हणजे घरात रोज एक भांडण, हे मी माझ्याच घरात पाहिलंय. त्यापेक्षा गल्लीतले एखादे निवृत्त शिक्षक, किंवा इंजिनिअरिंगला असलेला शेजारचा दादा. त्याला स्पष्ट सांगा, दहावीचं काही शिकवायचं नाही. तो ऐकणार नाही. पुन्हा सांगा.

आणि एक गंमत सुचवते. शेवटची पंधरा मिनिटं मोठ्याने धाकटीला शिकवायचं. तिचा सातवीतला पूर्णांकांचा गुणाकार-भागाकार आत्ता ताजा आहे. ‘वजा गुणिले वजा अधिक का?’ असं ती विचारेल, आणि ‘तसंच असतं’ एवढ्यावर ती ऐकणार नाही, जी मुलगी रुसून जेवायची थांबते ती तर नाहीच. त्याला उत्तर शोधावं लागेल. ज्याला धाकट्या बहिणीला समजावता येतं त्याला बोर्डाच्या परीक्षकालाही समजावता येतं.

धाकटीचं. आठवीत गेलेल्या मुलीला जेईई-नीटच्या नावाने सहा आठवडे बसवणं मला कधीच पटलं नाही. त्या परीक्षांचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा. त्यातलं आठवीच्या मुलीला जे झेपेल ते आठवीच्या पुस्तकात आहेच, आणि जे झेपणार नाही ते शिकवून ‘आपल्याला हे जमत नाही’ एवढंच तिच्या मनात पक्कं होतं. तेराव्या वर्षी गणिताला घाबरलेल्या मुली मी दहावीत पुष्कळ पाहिल्या. त्यांना परत आणायला फार वेळ लागतो. डॉक्टर व्हायचं की नाही ते तिला नंतर ठरवू द्या.

पण तिच्यापुढे एक खरं काम आहे आणि त्याबद्दल कुणाचंच पत्रक येत नाही. ती जूनपासून सेमीला जाणार. म्हणजे गणित तेच, शब्द बदलणार. मराठी माध्यमातली हुशार मुलं आठवीच्या पहिल्या दोन महिन्यांत गोंधळतात ती बहुतेक या शब्दांपायी. तिला एक दोनशे पानी वही द्या. डावीकडे तिचा शब्द, उजवीकडे नवा. अंश आणि छेद, न्यूमरेटर आणि डिनॉमिनेटर. लसावि-मसावि, एलसीएम-एचसीएफ. परिमिती म्हणजे पेरिमीटर, पण वर्तुळाचा परीघ म्हणजे सर्कमफरन्स. आणि ‘कर्ण’ या शब्दासाठी अर्धं पान मोकळं सोडा. आपण चौकोनाच्या समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या रेषेलाही कर्ण म्हणतो आणि काटकोन त्रिकोणातल्या काटकोनासमोरच्या बाजूलाही. इंग्रजीत पहिला डायगोनल, दुसरा हायपोटेनस. माझ्या वर्गातली एक चुणचुणीत मुलगी आयताच्या डायगोनलला पेपरभर हायपोटेनस म्हणत बसली होती. गणित सगळं बरोबर होतं. आयत तिरका कापला की दोन काटकोन त्रिकोण होतात आणि मग तीच रेषा दोन्ही नावांची होते, हे तिला आकृती काढून दाखवलं तेव्हा ती इतकी हसली की वर्ग थांबवावा लागला.

रोज पाच शब्द. सुट्टीत दीडशे होतात, आणि गणिताचा आठवीचा संसार तेवढ्यात सहज चालतो. याला क्लास लागत नाही. चिपळूणला ओटीवर बसूनही होतं.

आणि तिच्या पिशवीत काड्यापेटी आणि सायकलच्या दुकानातून दहा-वीस रुपयांची व्हॉल्व्ह ट्यूब घालून द्या. विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी या दोन वस्तूंतून भूमिती शिकवायची युक्ती सगळ्या देशातल्या मुलांपर्यंत नेली. ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि दोन काड्यांची टोकं एका तुकड्यात दोन्हीकडून खुपसायची. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबून बघा. हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, बोटाने ढकला, लगेच तिरका होऊन समभुज चौकोन होतो. आता कर्णाच्या जागी एक लांब काडी घाला, पुन्हा घट्ट. पुढे आठवीत ‘बाबाबा कसोटी’ म्हणून जे पाठ करायला लावतात, तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला, ते तिच्या बोटांना आधीच कळलेलं असेल. आजोबा असतील तर त्यांना विचारा म्हणावं, छपराच्या कैच्या त्रिकोणी का करतात.

मोठ्यासाठीही चिपळूणला एक काम देते, वही न उघडता. समरूपता हा दहावीच्या भूमितीचा पहिलाच धडा. परसात एक सरळ माड निवडायचा. एक मीटरची काठी कापून घ्यायची. दुपारी साडेचारच्या सुमारास काठी सपाट जागेत उभी करून तिची सावली मोजायची, आणि लगेच, ऊन सरकायच्या आत, माडाची बुंध्यापासून सावली मोजायची. काठीची सावली समजा दीड मीटर भरली आणि माडाची अठरा मीटर, तर माड बारा मीटर उंच. दोघांच्या सावल्या एकाच उन्हाने पाडल्या, म्हणून काठी-सावली आणि माड-सावली हे दोन त्रिकोण समरूप. वाकडा माड घेऊ नये, कोकणात तेच जास्त असतात. मग नारळ उतरवणारा पाडेली आला की त्याला विचारायचं, हा माड किती हात? तो उभ्या उभ्या सांगेल आणि फार चुकणार नाही.

त्याच्या आधी, कराडला असतानाच, मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दोघांना गच्चीवर न्या, टोप्या घालून. त्या क्षणी माडाची उंची मोजता येईल का, विचारा. आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी चिपळूणला भर दुपारी बघायला सांगा, सावली दक्षिणेला पडलेली दिसेल. आपली सावली एरवी दुपारी उत्तरेला पडते. हे ज्याने एकदा स्वतः पाहिलं त्याला भूगोलाच्या बाईंनी वेगळं समजवावं लागत नाही.

आता मिस्टरांचं. ‘सगळे घालतात’ याला मी उत्तर देणार नाही, ते तुम्ही द्या. त्यांना बॅचचीच ओढ असेल तर त्यांना एक दिवस क्लासमध्ये पाठवा आणि तीन गोष्टी बघून यायला सांगा. मुलांच्या मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका कुणी मागितल्या का? एका खोलीत किती मुलं? आणि खोली कुठल्या मजल्यावर, वर पत्रा आहे का, खाली उतरायला दुसरा जिना आहे का? शेवटचा प्रश्न मी उगाच घातलेला नाही. २४ मे २०१९ ला सुरतमध्ये एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या क्लासला आग लागली. २२ जण गेले, बहुतेक तिथे शिकायला आलेली मुलं. उन्हाळ्याची सुट्टीच होती. तेव्हापासून मी कुठल्याही क्लासमध्ये गेले की आधी जिना बघते.

पैशांचंही विचारा. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पन्नासहून जास्त मुलं असलेल्या क्लासांसाठी त्या आहेत. सोळा वर्षांखालच्या किंवा दहावीची परीक्षा न झालेल्या मुलांना प्रवेश देऊ नये असं त्यात आहे. मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या दिवसांची फी दहा दिवसांत परत करावी, दिवसाला पाच तासांहून जास्त शिकवू नये, हेही आहे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली आहे आणि गावोगावी त्याचं काय होतं ते आपण बघतोच. तरी काउंटरवर ‘मध्ये सोडलं तर किती परत मिळतील, लिहून द्या’ असं म्हणून बघा. समोरच्याचा चेहरा बघून बऱ्याच गोष्टी कळतात.

व्हेकेशन बॅच कधीच घेऊ नये असं मात्र मी म्हणणार नाही. आईवडील दोघं कामावर आणि मुलगा दिवसभर घरी एकटा, हातात मोबाइल, तर पाच तास क्लासमध्ये बसलेला बरा. ज्यांची शाळाच वर्षभर नीट भरली नाही, गणिताला शिक्षकच नव्हते, अशा मुलांना मी स्वतः नाव घालायला सांगितलंय. आणि मुलगा आपणहून म्हणाला, ‘मला जायचंय, माझे तिघं मित्र आहेत तिथे,’ तर तेही कारण आहे, त्याला हसू नका. तुमच्या पत्रात त्याला काय वाटतं याचा एक शब्द नाही. धाकटी जेवली नाही हे लिहिलंत, आई फणसांबद्दल बोलली हे लिहिलंत. मोठा काय म्हणाला? कदाचित त्याला कुणी विचारलंच नसेल. ५४ मार्क पडलेली मुलं घरात फार बोलत नाहीत. आज रात्री जेवणानंतर विचारा, बाबा नसताना. ‘क्लास की आजोळ’ असं विचारू नका, तो तुम्हाला हवं ते उत्तर देईल. ‘गणितात कुठे अडतं रे?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा.

विज्ञानाबद्दल मुद्दाम लिहीत नाही. मार्क बरे आहेत, शाळा करून घेईल.

पाचशे रुपये परत मिळतात का ते विचारून या, नाही मिळाले तर सोडून द्या. १७ मेपर्यंत मोठ्याचे तीन आठवडे उरकतात, १८ तारखेची चिपळूणची एसटी बघून ठेवा. १० जूनच्या आत परत आणा, एकदा पाऊस लागला की कुंभार्ली घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही. आणि आईला फोन करून सांगा, दोन-चार फणस झाडावर ठेव, मुलं येतायत.